शब्दात पकडून सतवायला शिकताय? आधी एवढं सांभाळा

हा नाद फार गोड आहे, जरूर लावून घ्या. ‘पंखा लाव’ म्हटलं की ‘कुठल्या भिंतीला?’, ‘फोन आला होता’ म्हटलं की ‘चालत की रिक्षाने?’ इथूनच सगळे सुरू करतात. शाळेत श्लेष अलंकाराला ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे उदाहरण होतं, आठवतंय? जीवन म्हणजे आयुष्य आणि पाणीही. आपलं भांडवल तेच. लावणे, येणे, लागणे, घेणे या क्रियापदांवर कान ठेवा, त्यांचे अर्थ ढीगभर.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- उत्तर देऊन स्वतःच हसतात. चेहरा सरळ हवा आणि उत्तर तिथल्या तिथे. उशिरा सुचलं तर सोडून द्या.
- कोटी समजावून सांगतात. समोरच्याने कपाळावर हात मारला की काम झालं!
- काम टाळायला वापरतात. ‘दूध बघ’ म्हटल्यावर नुसतं बघत उभं राहिलात तर दूध उतू जातं, ओटा पुसावा लागतो आणि आई खरीच चिडते. कोटी करा, पण हात गॅसच्या बटणावर ठेवून.

माणूसही पारखा. उलट टोला देणारी बहीण किंवा मामा उत्तम. दमून आलेल्याला आधी पाणी द्या. आडनावांवरच्या कोट्या इतक्यात नकोत, त्या पुढे बघू.

आज जेवताना कुणी ‘पोळी वाढू?’ विचारलं की ‘किती मोठी होईल?’ एवढंच म्हणा, आणि काय झालं ते कळवा.