‘आत्ता काही करायचं नाही’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते त्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टर म्हणतात, आत्ता काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवू. म्हणजे आमच्या माणसाचं आता काही खरं नाही का? बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न खानापूरच्या निवृत्त मास्तरांनी विचारला, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या बायकोने विचारला. धसका सगळ्यांचा तोच. म्हणून त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

वडगावचे अण्णा, वय 63. सगळं आयुष्य मागावर गेलेलं. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून दवाखान्यात गेले, तिथे रक्ताची पीएसए तपासणी झाली, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची मोजणी. आकडा 6.8 आला. चारच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. पण ग्रंथी नुसती वाढली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी हा आकडा चढतो, म्हणून एमआरआय आणि मग बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं. 12 तुकड्यांपैकी एकात कॅन्सरच्या पेशी होत्या आणि ग्लिसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, 6 होता, म्हणजे सगळ्यात सौम्य जात. डॉक्टरांनी लक्ष ठेवायचं ठरवलं.

पहिल्या भेटीत मुलगाच बोलत होता. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, वडिलांवर जीव. “मॅडम, घरात साप निघाला तर कोण लक्ष ठेवून बसतंय? काढून टाकायचं की सरळ! पैसा मी बघतो.”

अण्णा फाइलीकडे बघत राहिले. निघताना हळूच म्हणाले, “पोराला खर्चात पाडायला नको म्हणून डॉक्टर गोड बोलूलालेत, बाई. मला कळतंय की.” माग त्यांनी बंद ठेवला होता. जेवण अर्ध्यावर आलं होतं. बायकोला पासबुक कुठे असतं ते दाखवून झालं होतं.

पुढच्या वेळी त्यांना एकट्यालाच बोलावलं. दोन-तीन भेटी नुसतं ऐकलं. मग एकदा विचारलं, “अण्णा, डॉक्टर नेमकं काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत सांगा.”

“कन्नडात बोलले ते.”

“मग कन्नडातच सांगा.”

“एनू माडोदु बेड.”

“त्याच्या आधी काही होतं?”

बराच वेळ गेला. “ईग,” ते म्हणाले. “ईग एनू माडोदु बेड.”

“आणि हातात काहीच उरलं नसतं, तर काय म्हणाले असते?”

“एनू माडाक आगंगिल्ल.” बोलून ते थांबले. मग स्वतःशीच पुटपुटले, “बेड म्हणजे नको. आगंगिल्ल म्हणजे होत नाही.”

मी काही बोलले नाही. जन्मभर कन्नड बोलणारा माणूस, त्याला भाषा कळली नव्हती असं नाही. भीतीने त्याच्या कानातून ‘ईग’ काढून घेतलं होतं. आत्ता. एवढाच शब्द. मी पहिल्यापासून या मताची आहे की आजार जेवढा छळतो त्याहून जास्त छळते आजाराबद्दल आपण स्वतःशी चालवलेली बडबड, आणि ती बडबड त्या माणसाकडूनच मोठ्याने बोलून घेतली की तिच्यातली खोट त्यालाच ऐकू येते. मी समजावलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पासबुक पुन्हा काढलं असतं.

त्यानंतरच मी आकडे सांगितले. ब्रिटनमध्ये 1643 पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, ग्रंथीबाहेर न पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा. काहींवर शस्त्रक्रिया, काहींना किरणोपचार, काहींवर फक्त लक्ष. 15 वर्षांचा हिशोब 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. या कॅन्सरने दगावले एकूण 45, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नाही. दुसरी बाजूही लपवली नाही. लक्ष ठेवलेल्यांमध्ये कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, शंभरात नऊ-दहा, आणि त्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांनी पुढे कधीतरी उपचार घेतलेच. म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत. पीएसए साधारण सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा एमआरआय, पुन्हा बायोप्सी.

अण्णा म्हणाले, “माग चालू असतोय तेव्हा आम्ही तरी काय करतो? उभं राहून बघतोय. तार तुटली की थांबवायचा.” हे मला सुचलं नसतं.

मुलाशी वेगळं बोलले. सापाचं त्याचं म्हणणं प्रेमातूनच होतं, पण शस्त्रक्रियेनंतर काहींचा लघवीवरचा ताबा काही महिने, क्वचित कायमचा जातो, लिंगाची ताठरताही अनेकांची जाते, हे त्याने ध्यानातच घेतलं नव्हतं. “अण्णांना विचारलंत का, त्यांना काय चालेल?” तो खाली बघत राहिला. 63 वर्षांच्या बापाला हे विचारायचं असतं, ही कल्पनाच आपल्या घरांत नाही. मुलगे ठरवतात, सुना डबा भरतात, आणि म्हातारा सही करतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. अण्णांचा निर्णय सगळ्यांचा निर्णय नाही. ग्लिसन 8, 9, 10 असेल, किंवा हाडांपर्यंत गेलं असेल, तर थांबायचं नाही. आपल्या गावांत पुरुष कंबरदुखीला शेतीचं दुखणं समजून वर्षभर तेल चोळतात, तेव्हा कुठे कळतं. पण तेव्हाही हार्मोनच्या उपचारावर कितीतरी जण वर्षानुवर्षं चांगले जगतात. अशा वेळी डॉक्टरांना एकच विचारा, ‘आत्ता नको’ म्हणता की ‘होत नाही’ म्हणता? उत्तर कागदावर लिहून घ्या, घरी गेल्यावर भीती ते बदलते.

वर्षानंतरची बायोप्सी तशीच सौम्य निघाली. माग सुरू आहे. ते सांगायला दोघं आले तेव्हा मुलाने मधेच विचारलं, “मॅडम, वडिलांना आहे म्हणजे मलाही?” तो 39 चा. म्हटलं, वडील किंवा भाऊ यांना असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात, म्हणून पंचेचाळिशीला डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोलायचं, आणि तपासणीआधी दोन दिवस सायकल आणि संबंध टाळायचे.

“मग उद्याच करून घेऊ?” तो म्हणाला.

अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ईग बेड.”