भूत जोलोकियाचे बी घरी का रुजत नाही?

आपल्या प्रश्नातील एक तपशील फार उपयोगाचा आहे. नोव्हेंबरअखेर आपण एकाच दिवशी, एकाच मातीच्या कुंडीत ज्वाला मिरचीचे आणि नागालँडमधील दिमापूरहून आलेले भूत जोलोकिया या जहाल मिरचीचे बी पेरले. ज्वाला चौदाव्या दिवशी उगवली, पण भूत जोलोकिया सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही पंचवीस दिवसांत वर आलेली नाही, म्हणून ते बी खराब समजून टाकून द्यावे का, असे आपण विचारले आहे. इतक्यात टाकू नका. आधी चमच्याच्या टोकाने एक-दोन बिया हलकेच उकराव्यात आणि चिमटीत दाबून पाहाव्यात. बी टणक लागले तर ते अजून जिवंत असू शकते. दाबताच लिबलिबीत होऊन फुटले तर ते कुजले आहे. मी नाशिकला गच्चीवर मिरच्या लावतो आणि पहिल्या हिवाळ्यात माझ्या वीसपैकी अठरा बिया अशाच लिबलिबीत निघाल्या होत्या.

या दोन मिरच्या एकाच जातकुळीच्या नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी या कॅप्सिकम अ‍ॅन्युअम प्रजातीतील असून त्यांचे बी उबेत आठ-दहा दिवसांत रुजते. भूत जोलोकिया मुख्यतः कॅप्सिकम चायनेन्सच्या वंशातील आहे. (हे नाव 1776 मध्ये जॅक्विन या शास्त्रज्ञाने ही मिरची चीनची आहे अशा समजुतीने दिले; प्रत्यक्षात तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे, पण चुकीचे नाव कायमचे चिकटले.) तिचे बी अनुकूल परिस्थितीतही दोन ते पाच आठवडे घेते आणि एकाच फळातील बियाही एकदम उगवत नाहीत. या संथपणाचे कारण तिचा जहाल तिखटपणा असावा असे अनेकांना वाटते. 2007 साली गिनेसने दहा लाखांहून अधिक स्कोविलची (स्कोविल हे तिखटपणा मोजण्याचे एकक) जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद केली हे खरे, पण तो तिखटपणा बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्यात तो असतो. फळातून बी काढताना मात्र हातमोजे घालावेत आणि ते नसल्यास बोटांना आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत, कारण तो जाळ नुसत्या पाण्याने जात नाही. मी एकदा नुसत्या पाण्याने हात धुऊन डोळा चोळला होता.

आता मूळ अडचणीकडे येतो. मिरचीच्या बियांना पाण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उबेची गरज असते. साध्या मिरचीचे बी मातीचे तापमान 25 ते 30 अंश असताना आठ-दहा दिवसांत रुजते, तेच 15 अंशांवर सुमारे पंचवीस दिवस घेते आणि 10 अंशांच्या खाली रुजतच नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे रात्रीचा पारा किती उतरतो, हे आपण जाणताच. त्यात मातीची कुंडी म्हणजे एक प्रकारचा माठच असतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने रोज भिजणाऱ्या कुंडीतील मातीही बाहेरच्या हवेपेक्षा गार राहते. म्हणजे बी उगवावे म्हणून आपण जितक्या काळजीने पाणी घातले, तितकी माती अधिक थंड होत गेली, शिवाय बियांना हवा मिळेनाशी झाली. ज्वालाने तेवढ्या थंडीतही तग धरला, कारण तिचे काम लवकर आटोपले. भूत जोलोकियाला मात्र चार-पाच आठवडे त्या गार चिखलात काढावे लागणार होते.

म्हणून उरलेले बी कुंडीत न पेरता आधी त्याला मोड आणावेत. रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. हवे असल्यास कृषी सेवा केंद्रात 13:00:45 या नावाने मिळणारे विद्राव्य खत, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट, लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात विरघळवून त्यात आठ-दहा तास ठेवावे. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळाही मिरचीच्या बियांसाठी हे द्रावण वापरतात. मटकीला मोड आणताना आपण फडके वापरतो, पण येथे फडके नको, कारण मुळांची टोके विणीत अडकतात आणि सोडवताना तुटतात. टिश्यू पेपरची दुहेरी घडी ओली करून, पाणी निथळून, त्यात बिया सुट्या-सुट्या ठेवाव्यात आणि ती घडी झाकणाच्या डब्यात बंद करावी.

डबा कोठे ठेवावा, हे मात्र प्रत्येकाने आपल्या घरात शोधावे. थंडीच्या दिवसांत आपल्या घरी विरजण हमखास लागते ती जागा बहुधा योग्य ठरते. माझ्या घरी ती इन्व्हर्टरवरची लाकडी फळी आहे. साधा तापमापक ठेवून पाहिला, तर तेथे डिसेंबरातही 27-28 अंश भरतात. उन्हात मात्र डबा ठेवू नये, कारण बंद डबा पाहता पाहता इतका तापतो की बी शिजून निघते. रुजण्यासाठी मिरचीला उजेड लागत नाही. एक दिवसाआड झाकण उघडून हवा द्यावी आणि कागद सुकत असेल तरच पाण्याचे चार थेंब टाकावेत. गेल्या वर्षी माझे पहिले बी अकराव्या दिवशी फुटले आणि शेवटचे चौतिसाव्या, त्यामुळे चाळीस दिवस होण्याआधी निकाल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पांढरे मूळ तीन-चार मिलिमीटर दिसू लागले की बी चिमट्याने न दाबता उचलून प्रोट्रेमध्ये (रोपांसाठीच्या खणांच्या ट्रेमध्ये) किंवा कागदी पेल्यात, अर्धा सेंटिमीटर खोल ठेवावे. कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत यांचे मिश्रण मला सोयीचे वाटते. त्यात शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तेवढीच ओल असावी: मूठ दाबली तर एखादा थेंब सुटावा, धार लागू नये. कोंब वर येताच रोप खिडकीशी, भरपूर उजेडात आणावे, नाहीतर ते दोन दिवसांत दोऱ्यासारखे लांबते. कधी कधी बियाचे टरफल दलपत्रांवर, म्हणजे बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांवर, टोपीसारखे अडकून राहते. ते ओढून काढू नये, त्यावर पाण्याचा थेंब ठेवून तासाभराने बोटाने हलकेच सरकवावे.

यानंतरचा मोठा धोका म्हणजे मर हा बुरशीचा रोग. काल टवटवीत असलेले रोप सकाळी मातीलगत कमरेत मोडल्यासारखे आडवे दिसते, आणि एकदा आडवे झाले की ते वाचत नाही. ही बुरशी अतिओलाव्यात आणि कोंडलेल्या हवेत वाढते, म्हणून पाणी वरून झारीने न देता ट्रेखाली थाळीत घालावे आणि पंधरा मिनिटांनी उरलेले ओतून टाकावे. मी मिश्रणात आधीच चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळतो. चार ते सहा खरी पाने आली की रोप मोठ्या कुंडीत हलवता येते. त्या वेळी थंडी ओसरलेली असावी, म्हणून आपण आता डब्यात बी घातले, तर फेब्रुवारीअखेरचा हिशेब बरोबर जुळेल.