पट्टराणी: थोरली की लाडकी?

एका मैत्रिणीने विचारलंय: 'महिषी म्हणजे म्हैस ना? मग जुन्या ग्रंथांत मुख्य राणीला महिषी कसं म्हणतात? आणि पट्टराणी कोण, थोरली राणी की लाडकी?'

आधी महिषी. ऋग्वेदात 'महिष' हे विशेषण म्हणूनही येतं. अर्थ मोठा, बलाढ्य. रेड्याला ते नाव पडलं ते या बळामुळे. आपली 'म्हैस' महिषीवरूनच आली. म्हणजे राणीला म्हशीचं नाव दिलेलं नाही, दोघींना ते मोठेपणामुळे मिळालं.

राणी मोठी कशाने, हे अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो: 'कृताभिषेका महिषी भोगिन्योऽन्या नृपस्त्रियः'. जिला अभिषेक झाला ती महिषी, राजाच्या बाकीच्या स्त्रिया भोगिनी. वयाचा किंवा प्रेमाचा इथे संबंधच नाही. लाडकीला वैदिक वाङ्मयात स्वतंत्र शब्द आहे, वावाता. आणि जिला बाजूला सारलं ती परिवृक्ती. आपल्या कहाण्यांतल्या आवडती-नावडतीच या! शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या राजसूय यज्ञात परिवृक्तीच्या घरी निर्ऋतीला, म्हणजे विनाशाच्या देवतेला, हविर्भाग देतात, तोही नखांनी सोललेल्या काळ्या तांदळाचा. नावडतीचं मीठ अळणी म्हणतो आपण, इथे तर तांदूळही काळा. मला हा तपशील वाचताना दर वेळी गलबलून येतं. चौथी पालागली, तिचा दर्जा सगळ्यांत खालचा.

आता पट्टराणी. यातला पट्ट म्हणजे कपाळावर बांधायची सोन्याची पट्टी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिची मापंच दिली आहेत: मध्यभागी रुंदी राजाच्या पट्टाला 8 अंगुळं, महिषीच्या 7, युवराजाच्या 6, सेनापतीच्या 4. राजाच्या पट्टाला पाच शिखा (तुरे), महिषीच्या आणि युवराजाच्या पट्टाला तीन-तीन, सेनापतीच्या एकच. म्हणजे पट्टराणी राजापेक्षा एका अंगुळाने कमी आणि युवराजापेक्षा एका अंगुळाने वर! दर्जा असा बोटांनी मोजता येत होता. पैशातही तेच: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमहिषीला 48,000 पण (हे त्या काळचं नाणं), तर राजकुमाराच्या आईला 12,000. मुलगा झाला म्हणून कोणी आपोआप महिषी होत नसे.

म्हणून 'थोरली' आणि 'पट्टराणी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणी सईबाई. त्या 1659 साली वारल्या. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी म्हणून महाराजांशेजारी बसल्या त्या सोयराबाई. सईबाईंबद्दल लिहिताना 'थोरल्या राणीसाहेब' असंच लिहावं. तो मान त्यांचाच आहे आणि तो पट्टावर अवलंबून नाही.