वाचकांचे प्रश्न : मोटारीवरचा 722 हा आकडा

प्रश्न : सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात रुपेरी रंगाच्या जुन्या मर्सिडीज मोटारीचे चित्र लावलेले आहे आणि तिच्यावर लाल अक्षरांत 722 लिहिले आहे. त्या शर्यतीत सातशेहून अधिक मोटारी होत्या काय? अशा शर्यती पुढे बंद का पडल्या?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा आकडा मोटार निघाल्याची वेळ सांगतो, सकाळचे 7 वाजून 22 मिनिटे. इटलीतील ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत ब्रेशा शहरातून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशाला येत असे. जवळजवळ 1,600 किलोमीटरच्या या रस्त्यावर सर्वांना एकदम सोडणे शक्यच नव्हते. म्हणून लहान, संथ मोटारी आदल्या रात्रीपासून एकेक मिनिटाच्या अंतराने निघत आणि सर्वांत वेगवान मोटारींची पाळी सकाळी येई.

चित्रातील 300 एसएलआर मोटार 1 मे 1955 रोजी ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस यांनी 10 तास 7 मिनिटे 48 सेकंदांत परत आणली. सरासरी वेग ताशी 157 किलोमीटरहून अधिक होता. त्या वेगाने सोलापूरहून पुण्याला साधारण दीड तासात पोहोचता येईल, आणि तेही गावांमधून, घाटांतून. शेजारी बसलेले पत्रकार डेनिस जेंकिन्सन यांनी आधी रस्ता पाहून प्रत्येक वळणाची टिपणे सुमारे 18 फूट लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरवली होती. ती गुंडाळी डबीत फिरवत ते हातवाऱ्यांनी मॉस यांना पुढचे वळण सांगत. या विजयाचे अर्धे श्रेय जेंकिन्सन यांना द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

शर्यती बंद पडण्याचे कारण रस्त्याच्या कडेलाच होते. आपल्याकडे नंदीध्वजांच्या मिरवणुकीला दुतर्फा लोक उभे राहतात, तशीच गर्दी तेथेही मोटारींच्या वाटेला अगदी लागून उभी असे. 1903 च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक मार्सेल रेनो यांच्यासह अनेकांचा बळी गेल्यावर ती बोर्दो येथेच थांबवण्यात आली. फ्रान्समध्ये 1906 ची पहिली ‘ग्रां प्री’ ही मोठी मोटारशर्यत ल मां शहराजवळ, सामान्य वाहतूक बंद केलेल्या रस्त्यांच्या वर्तुळावर झाली. इटलीत मात्र गावोगावच्या रस्त्यांवरून धावणे चालूच राहिले. 12 मे 1957 रोजी मिल्ले मिल्यामध्ये ग्विदित्सोलो गावाजवळ चालक अल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारी मोटारीचा टायर फुटला. ते, त्यांचा सहकारी आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. त्यानंतर ही वेगाची शर्यत पुन्हा झाली नाही.