कॉलेजात बेल व्हायची

‘मॅडम, हा तसा अबोल. घरात बसून छान शिकेल असं वाटलं होतं.’ समुपदेशक म्हणून ठाण्यातल्या पालकांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. घोडबंदर रोडला राहणारे तर हमखास म्हणतात. नौपाड्यातल्या क्लासला जायचं तर निम्मी संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये जाते, म्हणून ऑनलाइन बॅच.

हा मुलगा बारावी सायन्सचा. 23 रेकॉर्डेड लेक्चरं तुंबलेली. धाकटी बहीण बडबडी, ऑनलाइनला रोज नावं ठेवणारी, पण तिचा अभ्यास वेळेवर. आईला कोडं पडलं होतं ते इथेच.

‘लेक्चर कधी बघतोस?’
‘केव्हाही बघता येतं ना.’
‘मग बघितलंस कधी?’

गप्प. तिसऱ्या भेटीत आपणहून म्हणाला, ‘कॉलेजात बेल व्हायची.’

मी पेन खाली ठेवलं. त्याची शिस्त त्या बेलची होती, उसनी. अंतर्मुख-बहिर्मुख ही मानसशास्त्रज्ञ युंगची 1921 सालची जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडलीय, की अबोल म्हणजे अभ्यासू असं आपण धरूनच चालतो. मी स्वभाव पाच वेगवेगळ्या गुणांत मोजणारं पाच घटकांचं मॉडेल मानते. त्यात बहिर्मुखता वेगळी आणि नेटकेपणा, म्हणजे कामाला लागून ते तडीस नेणं, वेगळा. मार्कांशी जास्त सातत्याने नातं दिसतं ते या दुसऱ्याचं. स्वभावाची चाचणी घेण्याआधीच हे हाती लागलं, याचं समाधान आहेच.

मग बेल घरात आणली. साडेचारला चहाचा कप टेबलावर आला की लॅपटॉप उघडायचा, फोन स्वयंपाकघरात. ‘रोज अभ्यास करीन’ हा निश्चय टिकत नाही. ‘अमुक झालं की तमुक’ टिकतं. लाइव्हच बसायचं, चुकलं तर रेकॉर्डिंग त्याच रात्री, 25 मिनिटांच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न वहीत. दुप्पट वेगाने बघितलं की समजल्याचा भास होतो, गणित मात्र सुटत नाही. तुंबलेली 23 सलग बघायची नाहीत: आधी जुना पेपर सोडवायचा, अडलं तेवढीच लेक्चरं काढायची. नऊ निघाली.

अबोलपणाची सोय निराळी. शंका आधीच लिहून ठेवायची आणि पहिल्या दहा मिनिटांत चॅटमध्ये टाकायची. नंतर धीर होत नाही. कॅमेरा सक्तीचा असेल तर स्क्रीनवरचा स्वतःचा चौकोन लपवायचा, नाहीतर सगळं लक्ष आपल्याच चेहऱ्याकडे. बहिणीला यातलं काहीच नको होतं. तिला मैत्रिणीला कॉल लावून धडा समजावून सांगायला बसवलं.

पाच आठवडे झाले. त्याचं शनिवारचं लेक्चर अजून चुकतं. शनिवारी चहा उशिरा होतो.