नवऱ्याने मेलबर्नला छोटं विमान उडवायला शिकायला घेतलंय. हे कितपत सुरक्षित आहे? मुलीला त्याच्यासोबत बसू द्यावं का?

ताई, तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: "तो म्हणतो, हवा बिघडली तर परत फिरेन. पण एवढा खर्च करून, पलीकडे माणसं वाट बघत असताना कोण परत फिरतं?" त्या वाक्यापायी हे उत्तर लिहितोय. मी फिरलोय. आणि परत फिरलेल्या माणसाला घरचे कसे वागवतात तेही पुरेपूर अनुभवलंय. त्यामुळे उत्तर लांबेल, चालवून घ्या.

आधी विमानाचं उरकतो. तुमचे मिस्टर बहुतेक रेक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया या हौशी वैमानिकांच्या संस्थेच्या सर्टिफिकेटसाठी शिकत असतील. म्हणजे दोन सीटचं, बहुतेक करून ६०० किलोंच्या आतलं विमान, फक्त दिवसा आणि फक्त ढगांच्या बाहेर. किमान २० तासांचं उड्डाण, त्यातले ५ एकट्याने; प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतात. तब्येतीची अट खाजगी गाडी चालवण्याइतकीच. कॉकपिटमध्ये एक सक्तीची पाटी असते. हे विमान नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळायला बांधील नाही, बसायचं तर स्वतःच्या जोखमीवर बसा, अशा अर्थाची. माझ्या बायकोने ती पहिल्यांदा वाचली तेव्हा लावलेला बेल्ट काढून ती सरळ खाली उतरली होती. पाटी खोटं बोलत नाही. क्वांटसच्या विमानाशी या उडण्याची तुलनाच करू नका. धोका आहे, आणि "विमान हे सगळ्यात सुरक्षित वाहन" हे वाक्य आपल्याला लागू होत नाही.

पण तो धोका येतो कुठून, इथे लोकांची गफलत होते. सगळे विचारतात, "इंजिन बंद पडलं तर?" या वर्गातल्या विमानाला उतरतानाच्या अवस्थेत वेग ४५ नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरपर्यंत उतरवूनही हवेत टिकता आलंच पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे ते जमिनीला टेकतं तेव्हा हायवेवरच्या गाडीपेक्षा हळू असतं. व्हिक्टोरियातल्या सपाट पॅडकवर, म्हणजे मोकळ्या कुरणावर, हातात उंची असताना इंजिन गेलं, तर शिकलेला माणूस बहुतेक वेळा चालत बाहेर येतो. त्याचा सराव विद्यार्थ्याकडून नको होईस्तोवर करून घेतात. माणसं जातात ती दुसऱ्याच गोष्टींनी: कुणाच्या तरी शेतावरून खाली येऊन हात दाखवताना वायरीत अडकून, रनवेकडे शेवटचं वळण घेताना वेग घालवून, टाकीत किती इंधन आहे ते डोळ्यांनी न बघता निघून, आणि ढगात शिरून. या सगळ्यांत विमान ठणठणीत असतं. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपासणाऱ्या संस्थेने, एटीएसबीने, टाळता येण्याजोग्या अपघातांवर एक मालिकाच काढली आहे, त्यातले बरेचसे विषय हेच. मिस्टरांना वाचायला लावा, तुम्हीही वाचा.

आता माझं सांगतो.

माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सांगलीहून आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शेपर्टनला त्यांच्या जुन्या मित्राच्या मुलाची वास्तुशांत होती. मी म्हटलं, हवा चांगली असेल तर आपण दोघं विमानाने जाऊ, बाकीचे गाडीने येतील. अण्णांनी आदल्या रात्रीच सगळ्या ग्रुपवर टाकून दिलं की उद्या आम्ही विमानाने उतरणार. मित्राने शेपर्टनच्या एअरफील्डवर न्यायला माणूस पाठवायचंही कबूल केलं. दडपण कसं तयार होतं ते बघा: अजून हँगरचं दारसुद्धा उघडलेलं नाही आणि पलीकडे माणूस येऊन उभा.

मेलबर्नकडून उत्तरेला, शेपर्टनकडे जाताना मध्ये ग्रेट डिव्हायडिंग रेंज आडवी येते. तिच्यात सगळ्यात सखल जागा म्हणजे किलमोर गॅप. या खिंडीच्या मेलबर्नकडच्या तोंडाशी वॉलन गाव. ह्यूम फ्रीवे त्याच बाजूने जातो आणि ढगाखालून जाणारी छोटी विमानंही. दक्षिणेचं दमट वारं सुटलं की ते डोंगरावर चढतं आणि ढग तिथेच साचून बसतो, पावसाळ्यात आपल्या बोरघाटात बसतो तसा. मेलबर्नला ठीकठाक, शेपर्टनला लख्ख ऊन, आणि मधली खिंड बंद. दोन्ही टोकांचा अंदाज बघून निघणारा इथेच फसतो.

त्या दिवशी अंदाजात डोंगरावर ढग लिहिलेले होते, सकाळी उशिरा उठतील असंही होतं. मी लिलीडेलच्या, म्हणजे आमच्या एअरफील्डच्या, पार्किंगमध्येच अण्णांना सांगितलं, "वॉलनपर्यंत जाऊ. तिथून खिंडीच्या पलीकडची जमीन दिसली तर पुढे, नाही दिसली तर परत, आणि मग गाडीने." अण्णा म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." टाकीत कांडी घालून इंधन मोजलं, अण्णांना दार कसं उघडायचं ते दोनदा करून दाखवलं आणि निघालो. फॉक्सबॅट विमान, पंख डोक्यावर, दारं जवळजवळ पूर्ण काचेची. शुगरलोफचा जलाशय खालून गेला तेव्हा अण्णा लहान मुलासारखे खूश होते.

व्हिटलसी मागे टाकल्यावर उजवीकडच्या डोंगरांचे माथे दिसेनासे झाले. एका कड्यावर टॉवर आहे. आधी त्याचं टोक गेलं, मग मधला भाग, मग नुसता बुंधा राहिला. ढगाचा तळ कुठे आहे हे सांगायला याच्याहून चांगलं यंत्र नाही. वॉलनच्या वर आलो तर समोर रस्ता दिसत होता, रस्त्यावरचे ट्रक दिसत होते, आणि जिथे खिंडीचं तोंड असायला हवं तिथे करडा पडदा. खालच्या कडेला उजेडाची एक फट होती, बस.

तेवढ्यात रेडिओवर कुणीतरी सांगितलं की तो किलमोर गॅपमधून दक्षिणेकडे येतोय. अण्णांच्या कानावरही हेडसेट होता. ते म्हणाले, "ऐकलंत ना? तो आला की! आपण का थांबायचं?"

मी काही बोललो नाही. दरीच्या उजव्या अंगाने उडत होतो, मुद्दाम, म्हणजे डावीकडे वळायला पूर्ण दरी मोकळी मिळते आणि वळताना माझ्या बाजूच्या काचेतून जमीन दिसत राहते. वेग कमी केला, फ्लॅप (हळू उडताना पंखामागे खाली सोडायच्या पट्ट्या) थोडे सोडले, सावकाश वळलो. वळण पूर्ण झालं तेव्हा समोर सगळं मेलबर्न उघडं पडलेलं होतं. अण्णा लिलीडेलला उतरेपर्यंत गप्प होते.

मग गाडी काढली. यारा ग्लेन सोडून घाट चढायला लागलो तर रस्त्यावरच धुकं, वायपर चालू, पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी म्हटलं, "अण्णा, हाच तो ढग." ते फोनवर होते. पोहोचेपर्यंत पूजा आटोपली होती, पंगत उठत आली होती. जेवताना तिथल्या एकाने सांगितलं की दुपारी मेलबर्नकडून दोन विमानं येऊन उतरली. झालं! तेव्हापासून प्रत्येक कार्यात, प्रत्येक व्हिडिओ कॉलवर एकच: "आमच्या साडूंनी मला खिंडीच्या तोंडातून परत आणलं. बाकीचे गेले, हे घाबरले."

अण्णा हे वाचतील, बायको पाठवणारच. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. दुपारी दोघे उतरले याने सकाळचा निर्णय चुकीचा ठरत नाही. सकाळी वॉलनच्या वर माझ्यासमोर जे होतं त्यावर निर्णय घ्यायचा होता, दुपारच्या आकाशावर नाही. आणि रेडिओवरचा तो माणूस? त्याला ढगात उडायचं लायसन्स असेल, त्याच्या विमानात त्याची साधनं असतील, किंवा त्याने मूर्खपणा केला आणि निभावला. यातलं काहीही असलं तरी माझ्यासमोरची खिंड त्याने उघडत नाही.

ज्याला फक्त बाहेर बघून उडवता येतं, तो ढगात शिरला की त्याचं काय होतं, हे तपासून झालेलं आहे. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात असे २० जण घेऊन चाचणी केली. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांगतो विमान सरळ आहे, आणि ते एका पंखावर कलून खाली निघालेलं असतं. हिंमतीचा इथे काही संबंध नाही, शरीरच चुकीची बातमी देतं.

त्याच डोंगररांगेत, किलमोरच्या पूर्वेला माउंट डिसअपॉइंटमेंट आहे. मार्च २०२२ मध्ये दोन चार्टर हेलिकॉप्टरं मेलबर्नहून एकामागोमाग निघाली होती. ढग आला. पुढचं वाचलं, मागचं डोंगरावर पडलं. पायलट आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. तो पोट भरायला उडवणारा व्यावसायिक पायलट होता, रविवारी हौसेने उडवणारा नव्हता. अण्णांना ही बातमी मी पाठवली होती. त्यांनी अंगठा पाठवला.

म्हणून ताई, माझ्या मते तुमच्या मिस्टरांच्या सुरक्षेतला एक मोठा भाग तुमच्या हातात आहे. तो निघताना "किती वाजता पोहोचणार?" विचारू नका. विमानाने जाऊन कुठल्याही लग्नाला, मुंजीला, विमानतळावर कुणाला आणायला वेळेवर पोहोचायचं ठरवूच नका. ज्या दिवशी पोहोचणं गरजेचं आहे त्या दिवशी गाडी. तो कधी अर्ध्या वाटेतून परत आला, किंवा एअरफील्डवर जाऊन नुसतं आकाश बघून घरी आला, तर त्या दिवशी घरात गोड करा आणि चारचौघांत त्याचं कौतुक करा. आणि कुणी साडू, मेहुणा, मित्र टोमणा मारायला लागला तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. पुढच्या वेळी तसाच पडदा समोर आला की हे टोमणेच कॉकपिटमध्ये आठवतात, आणि टोमण्यांना घाबरलेला माणूस पुढे जातो. माझ्या बायकोने पहिल्या दिवाळीला अण्णांना सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णा, तुम्ही आज फराळाला बसलाय ते त्या वळणामुळे." तेवढ्यापुरते ते गप्प बसले.

दुसरं, तो जाताना तुमच्याकडे लिहून ठेवायला लावा: कुठून कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचं. याला फ्लाइट नोट म्हणतात. शोध सुरू होतो तो कॅनबेराच्या रेस्क्यू सेंटरमधून, पण कुणीतरी कळवावं लागतं. आणि ४०६ मेगाहर्ट्झचा पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपलं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र, घेऊन द्या. वाढदिवसाला घड्याळाऐवजी तो द्या. मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे त्याची नोंदणी फुकट होते. बीकन सीटमागच्या बॅगेत ठेवायचा नाही, अंगावर ठेवायचा.

मुलीचं: सर्टिफिकेट मिळालं म्हणून लगेच कुणालाही बसवता येत नाही, प्रवासी न्यायला वेगळी परवानगी लागते, आणि एअरफील्डपासून २५ नॉटिकल मैलांच्या पलीकडे जायला आणखी वेगळी. दोन्ही मिळाल्यावरही मी म्हणेन, तो स्वतःहून निदान एकदा परत फिरलेला तुम्ही पाहिलाय का? पाहिला असेल तर बसू द्या.

वर इंजिनाचं जे म्हटलं ते उंची असतानाचं. टेक-ऑफ नंतर लगेच, झाडांवर असताना इंजिन गेलं तर ते वाईटच, आणि तिथे मागे रनवेकडे वळायचा मोह आवरावा लागतो. सगळी इंजिनं सारखी भरवशाची नसतात हेही खरं. २०१४ च्या शेवटी सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी ऑथॉरिटीने जॅबिरू इंजिनांच्या विमानांवर काही काळ बंधनं घातली होती. माझा सगळा अनुभव मेलबर्नच्या आसपासचा आहे, व्हिक्टोरियन आल्प्समध्ये किंवा क्वीन्सलंडच्या पावसात गणित वेगळं असतं. मी इन्स्ट्रक्टर नाही, उडवण्याचं तंत्र मिस्टरांनी त्यांच्या इन्स्ट्रक्टरकडूनच शिकावं. तुम्ही मात्र एकदा त्यांच्या उड्डाणाच्या शाळेत जा, मुख्य इन्स्ट्रक्टरना भेटा आणि विचारा की गेल्या हिवाळ्यात हवेमुळे किती उड्डाणं रद्द केली. आकडा सांगताना ते बिचकले, किंवा "फारशी नाही" म्हणाले, तर शाळा बदला.