अमेरिकेतल्या लहान-मध्यम शहरांची स्कायलाइन इतकी साधी का असते?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे कॅन्सस राज्यातल्या विचिटाला आलात, हायवेवरून डाउनटाउन, म्हणजे शहराचा मध्यभाग, दिसलं, चार-पाच इमारती आल्या आणि संपल्या. चार लाख वस्तीचं अमेरिकन शहर असं कसं, हा तुमचा प्रश्न. मी आठ वर्षं विचिटात राहतोय, त्याआधी तीन वर्षं विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला होतो. नवीन होतो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इथली सगळ्यांत उंच इमारत म्हणजे तिरक्या माथ्याचं एपिक सेंटर. 1987 सालची, 22 मजले, 385 फूट. अख्ख्या कॅन्सस राज्यात तिच्याहून उंच इमारत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला याच्यापेक्षा उंच सोसायट्या ओळीनं उभ्या आहेत. पण त्यांत माणसं राहतात. आपल्याकडे टॉवर म्हटलं की फ्लॅट डोळ्यासमोर येतो. इथल्या मध्यम शहरात टॉवर म्हणजे बहुतेक वेळा ऑफिस, बँक नाहीतर हॉटेल. राहायला लोक पुढे-मागे अंगण असलेल्या घरांत, गाडीनं वीस मिनिटांवर.

मजले चढतात ते खालची जमीन महाग असते म्हणून. लिफ्ट, आगीपासून बचावाची सोय, वाऱ्याला तोंड देणारा सांगाडा, हा सगळा खर्च जमिनीच्या भावातून निघाला तरच कोणी वर जातो. विचिटाच्या चारी बाजूंना सपाट माळरान आहे. समुद्र नाही, डोंगर नाही, शहराला अडवेल असं काहीच नाही. त्यात 1956 च्या कायद्यानं देशभर हायवेचं जाळं विणलं गेलं आणि शहराबाहेर राहून गाडीनं कामाला येणं सोपं झालं. मग आडवं पसरणंच स्वस्त पडतं.

आणि या शहराचं पोट ज्यावर चालतं ते कामच आडवं आहे. विचिटा म्हणजे विमानांचं गाव. सेसना आणि बीचक्राफ्ट या विमान कंपन्या इथल्याच. बोइंग 737 चा सांगाडा आजही इथे तयार होतो आणि मालगाडीवर चढून वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटनला जातो. शहराच्या दक्षिणेला एकदा फाटकापाशी थांबलो असताना ती गाडी गेली. पंख नाहीत, शेपूट नाही, नुसती हिरवट रंगाची लांबलचक नळी आणि खिडक्यांच्या जागी भोकं. मुलगा मागच्या सीटवरून मोजत होता. असलं काम विसाव्या मजल्यावर होत नाही, त्याला फर्लांगभर लांब शेड लागते. या शहराची ताकद बघायची तर त्या शेडच्या बाजूनं गाडी चालवा. किती वेळ गेला तरी भिंत संपत नाही.

दरवेळी कारण पैशाचंच असतं असंही नाही. मॅडिसनमध्ये लोकांनी ठरवून उंची रोखली आहे. तिथे विधान भवन, म्हणजे कॅपिटल, दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. 1990 पासून राज्याचा कायदाच आहे की त्याच्यापासून एक मैलाच्या आत कोणतीही इमारत घुमटाखालच्या खांबांच्या पायथ्यापेक्षा उंच नको. थंडीत मोनोना तळं गोठलं की आम्ही त्यावर चालत जायचो आणि मागे वळलं की सगळं शहर खाली बसलेलं आणि तो पांढरा घुमट एकटा वर. ती स्कायलाइन मला शिकागोइतकीच आवडते, अगदी मनापासून. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं कारण आणखी वेगळं: जवळजवळ दहा लाख वस्ती, पण विमानतळ डाउनटाउनला इतका खेटून आहे की इमारती 300 फुटांच्या आसपासच थांबतात.

मला खरी खंत आहे ती पार्किंगची. माझं ऑफिस नवव्या मजल्यावर आहे. तिथून खाली पाहिलं की जिकडे-तिकडे पांढऱ्या पट्ट्या मारलेलं डांबर, आणि रविवारी तर ते पूर्ण रिकामं. या देशातल्या कित्येक डाउनटाउनमध्ये जुन्या तीन-चार मजली विटांच्या इमारती पाडून असली डांबरी मैदानं केली गेली. शिवाय बऱ्याच शहरांचा नियम असा की इमारत बांधायची तर तिच्या आकाराच्या हिशेबानं ठरावीक पार्किंग द्यायचंच. म्हणजे मजले वाढवले की गाड्यांची जागाही वाढवा. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरानं 2017 मध्ये हा नियम शहरभर काढून टाकला, ते फार चांगलं केलं असं मला वाटतं. उंची नसली तरी शहर सुंदर दिसतं. पण रांगेतले मधले दात पडल्यासारख्या या जागा दिसल्या की जीव तुटतो, कारण तिथे कधीकाळी दुकानं आणि वर राहणारी माणसं होती.

तुम्ही अजून इथेच असाल तर एक करा. हायवेवरून बघितलेलं विसरा आणि संध्याकाळी नदीवर जा. आर्कान्सा आणि लिटल आर्कान्सा या दोन नद्या मिळतात तिथे हात आकाशाकडे उंचावलेला ‘कीपर ऑफ द प्लेन्स’ उभा आहे. 44 फुटांचा पोलादी पुतळा, किओवा आणि कोमँची या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींचे शिल्पकार ब्लॅकबेअर बोसिन यांनी घडवलेला, 1974 सालचा. अंधार पडल्यावर, हवा ठीक असेल तर, त्याच्या पायाशी थोडा वेळ अग्निकुंडं पेटवतात. पुलावर उभं राहा. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला डाउनटाउनचे दिवे, आणि मधे अडथळा नसलेलं आभाळ. मुलीलाही घेऊन जा. नदीचं नाव इथले लोक ‘आर-कॅन्सस’ असं म्हणतात, तसंच विचारा म्हणजे कोणीही रस्ता सांगेल.